डाव्या लूपची शिलाई

कांचनकाकूंनी उभ्या आयुष्यात एकदाच मुद्दाम कच्ची शिलाई घातली, आणि ती नवऱ्याला झाडावरून पाडण्यासाठी.

एवढ्यावरून कुणी त्यांच्याबद्दल भलताच ग्रह करून घेऊ नये. पाडायचं होतं ते फूटभर उंचीवरून, घरामागच्या हिरवळीवर. खाली वाळक्या पानांचा ढीगसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातांनी रचून ठेवला होता. हेमचंद्रकाकांचा पार्श्वभाग जरा शेकून निघावा, त्यांनी थोडं घाबरावं आणि पंचाहत्तराव्या वर्षी झाडावर चढायची हौस एकदाची फिटावी, इतकाच बेत होता. निदान काकूंना तरी त्यात वावगं काही दिसलं नाही.

काका रिटायर्ड सर्जन. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आले, आणि पहिल्याच हॉस्पिटलातल्या एका सहकाऱ्याने त्यांना हरणाच्या शिकारीला नेलं. तेव्हापासून पानं गळायला लागली की धनुष्यबाण घेऊन जंगलात जाऊन बसायचं वेड लागलं ते लागलंच. महाराष्ट्र मंडळातले लोक याबद्दल दबक्या आवाजात बोलायचे, आणि गणपतीची मीटिंग संपली की तेच लोक काकांना बाजूला घेऊन 'थोडं उरलंय का हो डॉक्टर?' म्हणून विचारायचे. काकूंनी ते मांस कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. त्याचा फ्रीजर गॅरेजमध्ये होता.

इतकी वर्षं काका झाडाला बांधलेल्या लोखंडी मचाणावर बसत. ते मचाण आता उचलवेना. मग या उन्हाळ्यात त्यांना सॅडलचा शोध लागला. सॅडल म्हणजे कमरेखाली बांधायची जाड कापडाची एक झोळी. दोन्ही कुल्ल्यांपाशी पट्ट्याचे दोन मजबूत लूप, त्या दोहोंतून जाणारा एक दोर, आणि तो दोर झाडाला बांधलेल्या दुसऱ्या दोराला अडकवायचा. पाय खोडाला लावलेल्या पायरीवर आणि अंग मागे झोळीत टाकलेलं. वजन सगळं मिळून दोन किलो.

"तयार मिळते की बाजारात," काकू म्हणाल्या होत्या.

"मिळते. सहा फुटी माणसांच्या मापाची. माझ्या अंगावर गोणपाट लोंबेल." काकांनी ग्राफपेपरवर काढलेलं चित्र त्यांच्यापुढे सरकवलं. "आणि तू घरात असताना मी परक्याच्या टाक्यावर का लटकू?"

काकूंच्या टाक्याला नाव होतं. चर्चच्या सेलमध्ये घेतलेल्या बिडाच्या जड मशीनवर त्यांनी मंडळाच्या मखराचे पडदे शिवले, लेझीम पथकाचे झगे शिवले, चार राज्यांतल्या बाळंतिणींना दुपटी धाडली. एकही शिवण उसवून परत आली नाही. ही झोळीही त्यांनी तशीच शिवायला घेतली. जाड नायलॉनचं कापड, दोन इंची पट्टा, काळा पॉलिएस्टरचा दणकट दोरा. उजवा लूप शिवला तो पट्टा दुहेरी करून, चौकट आणि मध्ये फुली, तीनतीनदा फिरवून. कमरपट्ट्यालगतचे दोन छोटे लूपही तसेच. चढताना खोडाभोवती जो दोर टाकतात त्याचे ते.

मग डावा लूप घेतला आणि त्यांचा हात थांबला.

गेल्या नोव्हेंबरात सहाला घरी येणारे काका पावणेनऊला आले होते, कपाळावर खोक घेऊन. तिसऱ्या पायरीवरून पाय घसरला, झाडाखाली दीड तास पडून होतो, चांदण्या फार छान दिसत होत्या, असं हसत हसत सांगितलं. काकू त्या दीड तासात खिडकीपाशी उभ्या होत्या. तेव्हापासून अनोळखी नंबरावरून फोन आला की त्या हातातलं काम टाकून धावत. रडून झालं, अबोला धरून झाला. फ्रीमाँटला असलेल्या मुलाला, निहारला, सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आई, लेट हिम लिव्ह ना." बायकोचं ऐकल्याने कुणाचं आयुष्य कमी होत नाही, पण हे या घरातल्या पुरुषांना कोण सांगणार?

काकूंनी मशीनवरचं दणकट दोऱ्याचं रीळ काढलं, गोधडीचा साधा काळा सुती दोरा ओवला, टाका सगळ्यात लांब केला आणि डाव्या लूपवर चौकट-फुली एकदाच फिरवली. वरून पाहिलं तर डावं-उजवं सारखंच दिसत होतं.

गुरुवारी काकांनी मागच्या मेपलच्या झाडाला दोर बांधून जमिनीपासून फूटभर वर झोळीत अंग टाकलं. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. काका आधी जपून बसले होते, मग रेलले, मग खिशातून फोन काढून बातम्या वाचायला लागले. हृदयात दोन स्टेंट बसल्यापासून त्यांचं वजन साठ किलोवर आलं होतं. साठ किलोंना तो सुती दोरा पुरून उरला. अर्ध्या तासाने पानांच्या ढिगावरून डौलात चालत ते आत आले.

"कांचन, मी घातलेले टाके महिन्यात विरघळायचे. हे तुझे जन्मभर टिकतील."

सांगायची वेळ तीच होती. काकूंनी तोंड उघडलंही. पण सांगायचं काय? तुम्हाला पाडायला शिवलं होतं, तुम्ही पडला नाहीत? एकोणपन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याशी भांडण केलं होतं, खोटेपणा नव्हता केला. 'चहा ठेवते,' म्हणून त्या वळल्या. रात्री ते झोपले की डावा लूप उसवायचा आणि दणकट दोऱ्याने पुन्हा शिवायचा, कुणाला कळणारही नाही, असं त्यांनी ठरवलं. पण काका त्या रात्री झोळी मांडीवर घेऊन दोराच्या गाठी मारत-सोडत बसले. काकूंचे डोळे आधी मिटले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला काकूंचं मशीन पाटावर जाई. त्याच्यासोबत कात्री, काकांची जुनी सर्जरीची हत्यारं, गाड्यांच्या किल्ल्या आणि धनुष्य. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, हे काकूंच्या आईचं सांगणं. अमेरिकेत अठ्ठेचाळीस नवम्या गेल्या, पण त्या दिवशी मशीनचं चाक एकदाही फिरलं नव्हतं. निहारच्या शाळेतल्या नाटकाचा झगा ऐन नवमीला फाटला तर काकूंनी त्याला सेफ्टी पिना लावून स्टेजवर पाठवलं होतं. या वेळी काकांनी आपणहून झोळी आणून मशीनशेजारी ठेवली.

"हिलाही फूल वाहा. हळदकुंकू मात्र नको, हरणाला वास लागेल."

काकूंनी शेवंतीचं फूल वाहिलं आणि हात जोडले. आपणच नासवलेल्या वस्तूला आपण नमस्कार करतोय हे त्यांना लख्ख कळत होतं. हाताने चार पक्के टाके घालता आले असते. पण सुईही पाटावरच होती. एका दिवसाने काय होतंय, उद्या दसरा, सकाळी उत्तरपूजा झाली की पहिलं काम हेच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. देवाचं कारण मिळालं की माणूस किती पटकन समजतो!

दसऱ्याला सकाळी त्या उठल्या तेव्हा पाटावर झोळी नव्हती. काका पहाटेच उत्तरपूजेचं पाणी फिरवून मोकळे झाले होते. झोळी, दोर, धनुष्य सगळं हवाबंद पिशवीत भरून गाडीच्या डिकीत गेलं होतं, श्रीखंड-पुरीचा वास लागू नये म्हणून.

"आज जाताय?" काकूंनी घाईने विचारलं.

"सीमोल्लंघन! डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियात. शंतनूला नेतोय, शिकारीचं लायसन्स घेतल्यापासून मागे लागलाय पोरगा."

"झाडावर चढणार आहात?"

"छे गं. गुडघा कालपासून ठणकतोय. मी आपला खाली खुर्ची टाकून बसणार."

काकूंचा जीव भांड्यात पडला. आज झोळी वापरली जाणार नाही. उद्या रविवार, उद्या शिवू. त्या पुऱ्यांचं पीठ मळायला बसल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना गुणगुणावंसं वाटलं.

शंतनू आणि आश्लेषा जर्सी सिटीहून बाराला आले. शंतनू बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा, पुण्याचा. आश्लेषा नागपूरची, सातवा महिना लागलेला. त्यांचं इथे कुणी नव्हतं, म्हणून सणावाराला ती दोघं काकूंकडेच यायची. जेवणं झाली, सोनं म्हणून अंगणातली पानं देऊन झाली, आणि दीडला काका आणि शंतनू निघाले. आश्लेषा सोफ्यावर आडवी झाली. तीनच्या सुमाराला काकूंनी चहा आणला.

"शंतनू इतका एक्साइटेड आहे ना काकू," आश्लेषा उठून बसत म्हणाली. "फर्स्ट टाइम झाडावर चढणार म्हणून."

काकूंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "कोण चढणार?"

"शंतनू. काकांचा गुडघा दुखतोय ना. काकांनी सकाळी फोन करून सांगितलं त्याला, सॅडल तू घाल, पट्टा ॲडजस्ट होतो. काकूंच्या हातची आहे म्हणाले, डोळे मिटून बस."

काकूंनी कप खाली ठेवला. काकांना फोन लावला. बंद. शंतनूला लावला. बंद. जंगलात शिरण्याआधी काका फोन बंद करायला लावतात, आणि चालू असता तरी त्या टेकडीमागे रेंज येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी चार वेळा लावला.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या. "आश्लेषा, गाडी काढ. मला हायवेवर चालवता येत नाही आता. शंतनूला खाली उतरवायचंय."

दसऱ्याची इरकल आणि पायात स्नीकर्स, अशा काकू गाडीत बसल्या. आश्लेषाने वाटेत नाइन-वन-वनला फोन केला. पलीकडच्या बाईने विचारलं, कुणी पडलंय का? अजून नाही. मग जवळ कुणी असेल तर पाठवते, म्हणाली. त्या जमिनीचा मालक काकांचा जुना पेशंट. त्याचा नंबर फक्त काकांच्या फोनमध्ये होता.

"पण काकू, तुटेल असं का वाटतंय तुम्हाला? काकांनी टेस्ट केलीय ना?"

"तुटेल असं मीच शिवलंय."

आश्लेषाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. "म्हणजे?"

काकूंनी सगळं सांगितलं. सुती दोरा, पानांचा ढीग, खंडेनवमी. काही झाकलं नाही, कारण झाकायला आता वेळच नव्हता. बोलताना त्यांना वाटत होतं की ही पोर गाडी थांबवून आपल्याला रस्त्यात उतरवेल. तिने वेग वाढवला.

"शंतनू नाइन्टी-टू केजी आहे, काकू," ती एवढंच म्हणाली. नदीवरचा पूल मागे गेला. एक हात स्टिअरिंगवर आणि एक पोटावर ठेवून ती गाडी चालवत होती.

काकांची गाडी मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला उभी होती. तिथून पायवाट जंगलात जात होती. "तू सावकाश ये," म्हणत काकू पुढे निघाल्या. एकाहत्तराव्या वर्षी त्या पळू शकतात हे त्यांनाही माहीत नव्हतं. काटेरी झुडपांत निऱ्या अडकत होत्या, पानांखालची मुळं पायात येत होती. झाडाचं पान हलत नव्हतं. त्यांच्या मनात एकच गोष्ट सारखी येत होती, ती म्हणजे टाका तुटतो तेव्हाचा आवाज.

आधी काका दिसले. एका ओंडक्याआड खुर्चीत, पाठमोरे, अगदी स्थिर. मग वर, वीस-बावीस फुटांवर, शंतनू. पाय पायरीवर, अंग झोळीत, आणि तो हळूहळू डावीकडे कलत होता. हातात धनुष्य होतं आणि दोरी अर्धी ताणलेली. त्याच्या समोर तीस पावलांवर शिंगं असलेलं एक हरीण मान खाली घालून चरत होतं. काकांना चाहूल लागली. त्यांनी वळून बायकोला पाहिलं, आणि आश्चर्य वाटायच्या आधी त्यांचं बोट ओठांवर गेलं.

डावीकडे कलणाऱ्या त्या देहाचा सगळा भार डाव्या लूपवर चालला होता.

"शंतनू!" काकू जिवाच्या आकांताने ओरडल्या. "हलू नकोस!"

हरणाने झेप घेतली आणि ते झाडीत नाहीसं झालं. काका ताडकन उठले. "कांचन! अक्कल आहे का काही?"

"डावा लूप कच्चा आहे. मी कच्चा शिवलाय. शंतनू, डावीकडे भार देऊ नकोस बाळा, खोडाला मिठी मार!"

शंतनूने धनुष्य खाली सोडलं आणि खोड कवटाळलं. काका बायकोकडे बघत राहिले. ते काही विचारणार तेवढ्यात वरून शंतनूचा आवाज आला. "काका, इथे धागे निघालेत. दिसतायत मला. ओह गॉड. काका, आय कॅन सी इट."

"दोर," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम ऑपरेशन टेबलावरचा झाला. "चढताना खोडाभोवती टाकला होतास तो दोर. कुठे आहे?"

"उजव्या साइडला अडकवलेला आहे. पण तोही सॅडललाच लागतो ना, काका? कमरेच्या लूपला. तेही काकूंनीच शिवलेत ना?"

मागून आश्लेषा धापा टाकत आली आणि झाडाला टेकून उभी राहिली. वर तिचा नवरा, खाली काकू, आणि मध्ये एक प्रश्न, ज्याचं उत्तर जगात एकाच माणसाला माहीत होतं.

"ते पक्के आहेत," काकू म्हणाल्या. "कमरेचे दोन्ही पक्के आहेत. दणकट दोरा, तीनदा फिरवलाय."

"नक्की, काकू?"

आजवर त्यांच्या शिवणीबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "नक्की," त्या म्हणाल्या, आणि आपला शब्द किती हलका झालाय हे त्यांना त्याच क्षणी ऐकू आलं. त्या आश्लेषाकडे वळल्या. "शपथ घेते हवं तर." आश्लेषा त्यांच्याकडे बघत नव्हती.

शंतनूने उजवा हात सोडला, दोर खोडामागून टाकला. पहिल्यांदा तो निसटला. दुसऱ्यांदा डाव्या हातात आला. तो कमरेच्या डाव्या लूपला अडकवायला शंतनू जरासा वाकला, कडी अडकली आणि त्याच क्षणी टर्रकन आवाज आला, कापड फाडल्यासारखा, पण लांबलेला. आश्लेषा किंचाळली. झोळी डाव्या बाजूने सुटली, शंतनूचा पाय पायरीवरून गेला, आणि तो गाल खोडावर खरवडत हातभर घसरून थांबला. कमरेच्या दोन लूपांनी त्याला धरलं होतं.

"पाय," काका खालून शांतपणे म्हणाले. "आधी उजवा. पायरी तुझ्या गुडघ्याखाली आहे. सापडली? आता डावा. खाली बघू नको. दोर हातभर खाली घे. शाब्बास."

बावीस फूट उतरायला शंतनूला वीस मिनिटं लागली. जमिनीवर पाय टेकल्यावर तो तिथेच पानांत बसला. गाल सोलवटला होता, मनगट सुजत होतं. आश्लेषा त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा शर्ट मुठीत धरून रडली. थोड्या वेळाने ती दोघं उठली आणि वाटेला लागली. जाताना शंतनू "येतो काका," म्हणाला. काकूंना काय म्हणावं हे त्याला सुचलं नसावं.

काकांनी झोळी उचलली. चष्मा लावून त्यांनी फाटलेला डावा लूप पाहिला, मग उजवा. सुती दोऱ्याचं एक टोक चिमटीत धरून ओढलं. ते अलगद निघून आलं.

"हे माझ्यासाठी होतं?"

"हो," काकू म्हणाल्या. "फूटभर उंचीवरून पडला असतात. मला भीती वाटते हो तुमची. तुम्ही ऐकत नाही, मी काय करू?"

काकांनी मान हलवली. त्यांनी झोळीची नीट घडी घातली, काकूंचा हात धरून त्यांना मुळांवरून आणि ओढ्यावरून गाडीपर्यंत आणलं. वाटेत त्यांनी हीटर वाढवला, पदर फाटलाय ते दाखवलं, पुलावर रहदारी आहे म्हणाले. बाकी काही नाही. काकू रागाची वाट बघत होत्या. ते चिडले असते, ओरडले असते, तर त्यांना पायाशी बसून रडता आलं असतं.

रविवारी सकाळी काकूंनी नेहमीसारख्या काकांच्या गोळ्या काढल्या. स्टेंट बसल्यापासून सहा वर्षं त्या रोज काढत होत्या. रक्त पातळ ठेवायची, प्रेशरची, कोलेस्टेरॉलची, सगळ्या मिळून सात. काका पेपर वाचता वाचता हात पुढे करायचे, काकू त्यावर गोळ्या ठेवायच्या, ते न बघता तोंडात टाकायचे.

आजही त्यांनी हात पुढे केला. काकूंनी गोळ्या ठेवल्या. हात तोंडापर्यंत गेला आणि मध्येच थांबला.

काकांनी गोळ्या टेबलावर ठेवल्या. उठून कपाटातून सातही बाटल्या आणल्या, चष्मा लावला आणि एकेक गोळी उचलून, तिच्यावरचं अक्षर वाचून, बाटलीतल्या गोळीशी ताडून पाहायला लागले. त्यांना घाई नव्हती. काकू पाण्याचा ग्लास धरून शेजारी उभ्या होत्या.

सातवी गोळी जुळली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"बरोबर आहेत," ते म्हणाले, आणि पाण्यासाठी हात पुढे केला.